रात्री अडीचला इन्व्हर्टर बंद, सकाळी बॅटरी ठणठणीत: ट्रेलरमधील वारंवार उद्भवणाऱ्या एका दोषाचे निवारण

लक्षण असे असते. दिवसभर पंखा, फ्रिज, दिवे, मोबाईलचे चार्जर सारे सुरळीत चालते आणि संध्याकाळी इन्व्हर्टरवर बॅटरीचे चारपैकी तीन हिरवे दिवे लागलेले दिसतात. मग रात्री दोन ते चारच्या दरम्यान केव्हातरी फ्रिजचा कॉम्प्रेसर 'टक्' करून सुरू होऊ पाहतो आणि त्याच क्षणी इन्व्हर्टर लो बॅटरीचा लाल दिवा लावून, शिटी देऊन बंद पडतो. सकाळी बॅटरीला मीटर लावावा तर तो १२.३ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली. ऊन चढले की सगळे आपोआप पुन्हा सुरू होते आणि रात्री पुन्हा तेच घडते.

आमचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची राहण्याची पत्र्याची खोली, १२ बाय ७ फुटांचा आहे आणि तो कळमेश्वर तालुक्यात, नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या संत्र्याच्या बागेत उभा असतो. आंबिया बहाराची लहान फळे उन्हाने गळू नयेत म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावर रोज लक्ष ठेवावे लागते, आणि त्या काळात आम्ही दोघे नवरा-बायको शेतावरच राहतो. विजेचा खांब पलीकडच्या धुऱ्यावर विहिरीपाशी आहे, तिथली वीज शेतीच्या फीडरवरून पाळीपाळीने येते आणि ती पंपासाठीच आहे. म्हणून राहण्यापुरती वीज छतावरच्या सौर पॅनेलमधूनच घ्यायची हे पहिल्यापासून ठरलेले होते. फ्रिजमध्ये पत्नीचे इन्सुलिन असते. त्यामुळे रात्री चार-पाच तास फ्रिज बंद राहणे ही आमच्यासाठी दूध नासण्यापुरती गोष्ट नव्हती. मी स्वतः विजेच्या कामातला माणूस नाही, आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या आहेत. पण त्या सवयीमुळेच आकडे लिहून ठेवत गेलो आणि शेवटी दोष सापडला तो त्या आकड्यांमधून.

पहिल्यांदा जो वायरमन आला त्याने इन्व्हर्टरचा लाल दिवा पाहिला आणि सांगितले, "काका, बॅटरीच गेली जी, दुसरी टाकून घ्या." बॅटरी १२ व्होल्ट १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, साठवणुकीचे माप) ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची शिशाची होती, तीन वर्षे झालेली होती, त्यामुळे त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते. जुनी बॅटरी बदल्यात देऊन मी नवी आणली. चार रात्री उत्तम गेल्या. पाचव्या रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी इन्व्हर्टर पुन्हा बंद पडला. जुनी बॅटरी देऊन टाकण्यापूर्वी मी तिला एकदाही हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे साधन) लावला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती बहुधा चांगली होती. म्हणून ज्यांच्या ट्रेलरमध्ये असे होत आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की खालची मोजणी केल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये.

दोष रात्रीच का दिसतो

इन्व्हर्टरला बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे समजत नाही. त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर त्या क्षणी किती व्होल्ट पोहोचले आहेत एवढेच तो पाहतो आणि तो आकडा साधारण १०.५ च्या खाली गेला की बंद होतो. बॅटरीच्या टर्मिनलवर असलेले व्होल्ट आणि इन्व्हर्टरपर्यंत पोहोचणारे व्होल्ट यांत जो फरक पडतो तो मधल्या केबलमध्ये, थिंबलमध्ये (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या नळीदार टोकामध्ये), फ्यूजमध्ये आणि नट-बोल्टच्या सांध्यात पडतो, आणि तो प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो. पंखा आणि दिवे मिळून तीन-चार अँपिअर घेतात तेव्हा हा फरक डोळ्यांत भरत नाही. फ्रिजची गोष्ट वेगळी आहे. घरगुती १९० लिटरचा फ्रिज चालू असताना शंभर वॅटच्या आसपास घेतो, परंतु कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या त्या अर्ध्या क्षणात तो त्याच्या पाच ते आठ पट मागतो, आणि १२ व्होल्टच्या बाजूला ही मागणी ६० ते ७० अँपिअरपर्यंत जाते.

दिवसा पॅनेलमुळे बॅटरी चढत्या व्होल्टवर असते, त्यामुळे वाटेत पावणेदोन व्होल्ट गळाले तरी इन्व्हर्टरपर्यंत ११ च्या आसपास पोहोचतात आणि तो तग धरतो. रात्री दोनपर्यंत बॅटरी भाराखाली १२.१ वर आलेली असते, कॉम्प्रेसर उठताना ती स्वतःच ११.६ पर्यंत दबते, आणि त्यातून तेच पावणेदोन व्होल्ट वजा झाले की इन्व्हर्टरच्या वाट्याला दहाही उरत नाहीत. गळती दिवसभर तेवढीच असते. रात्री फक्त तिला सामावून घेणारी जागा संपते. भार सुटल्यावर बॅटरी पुन्हा १२.३ वर येते म्हणून सकाळी ती निर्दोष दिसते, आणि तशी ती असतेही. यात नागपूरच्या उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात इथे रात्रीचे तापमानही कित्येकदा ३० अंशांच्या खाली उतरत नाही, पत्र्याची खोली उशिरापर्यंत तापलेली राहते, आणि जो फ्रिज थंडीत तासाला एकदा सुरू होतो तो आता दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठतो. प्रत्येक उठणे ही इन्व्हर्टरची एक परीक्षाच असते.

मोजणी कशी करावी

साधा मल्टिमीटर पुरेसा आहे, पण फ्रिज सुरू होण्याचा क्षण इतका लहान असतो की साध्या मीटरवर आकडा दिसेपर्यंत तो निघून जातो. ज्यांच्या मीटरला किमान-कमाल टिपण्याची सोय आहे त्यांनी ती वापरावी, तरीही फार लहान झटका तिच्यातून निसटू शकतो. माझ्या मीटरला ती नव्हती, म्हणून मी स्थिर भार तयार केला: एका लाकडी पाटीवर १०० वॅटचे चार जुने पिवळे बल्ब बसवले आणि ती पाटी इन्व्हर्टरला जोडली. चारशे वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून ३८ अँपिअरच्या जवळपास. हा भार पाच मिनिटे ठेवला तरी बॅटरीचे काही बिघडत नाही आणि मोजायला शांतपणे वेळ मिळतो. मोजणी सूर्य मावळल्यावर करावी, म्हणजे पॅनेलचा प्रवाह मध्ये येत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. बहुतेक जण मीटरची एक पिन प्लसला आणि दुसरी मायनसला लावतात आणि तिथेच थांबतात. त्याऐवजी भार चालू असताना एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरी इन्व्हर्टरच्या प्लस टर्मिनलवर ठेवावी. मीटर डीसी व्होल्टवरच असू द्यावा. जो आकडा येईल तो प्लसच्या संपूर्ण वाटेत किती व्होल्ट हरवले हे थेट सांगतो. मग तेच मायनसच्या बाजूला करावे. पिन खांबाच्या शिशावर टेकवावी, त्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला दोष मोजणीतून सुटतो.

माझ्या वहीतले त्या रात्रीचे आकडे असे आहेत: प्लसच्या बाजूला ०.२८ व्होल्ट, मायनसच्या बाजूला ०.६६ व्होल्ट. दोन्ही केबल एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या आणि एकाच वाटेने गेलेल्या होत्या. एवढ्या सारख्या दोन वाटांमध्ये दुपटीहून जास्त फरक पडण्याचे कारण केबल असू शकत नाही, सांधाच असला पाहिजे. मग मी मायनसच्या वाटेवर पिन थोडी थोडी पुढे सरकवत गेलो. खांबापासून क्लॅम्पपर्यंत काही नाही, क्लॅम्पपासून थिंबलपर्यंत काही नाही. इन्व्हर्टरच्या टोकाला थिंबलवर एक पिन ठेवली आणि दुसरी सुईसारखी पिन थिंबलच्या मागे चार बोटांवर केबलच्या आवरणातून तांब्यापर्यंत टोचली, तेव्हा ०.३८ व्होल्ट आले. ज्या सांध्यात मोजण्याइतकेही काही मिळायला नको होते तिथे एकूण गळतीचा मोठा वाटा होता.

त्या थिंबलला बोट लावले तेव्हा ते इतके तापलेले होते की बोट तिथे ठेवता आले नाही. भार काढला, बॅटरीची जोडणी सोडवली आणि वरची काळी स्लीव्ह ब्लेडने चिरली. आत थिंबलची नळी हातोडीने एका बाजूने चेपलेली होती, केबलचे तांब्याचे तंतू एका कडेला गोळा झाले होते, दुसऱ्या कडेला सुपारीच्या खांडाएवढी पोकळी होती आणि तिच्या तोंडाशी तंतू लाल न राहता चहाच्या पत्तीसारखे काळपट झाले होते. ट्रेलर बांधताना ज्याने हे काम केले त्याच्याजवळ बहुधा प्रेस नसावी. बाहेरून स्लीव्ह इतकी नीटनेटकी होती की तीन वर्षांत कोणालाही संशय आला नाही. ट्रेलर रस्त्यावरून धक्के खात जातो, घराच्या भिंतीसारखा तो स्थिर नसतो. सैल थिंबल दर प्रवासात आणखी सैल होते, तापते, तापल्यामुळे तांबे काळे पडते आणि काळ्या तांब्याचा अवरोध वाढल्यामुळे ते आणखी तापते. वाळलेल्या गवताच्या शेतात लाकडी पलंगाखाली अशी तापणारी जागा असणे किती धोक्याचे होते हे नंतर लक्षात आले.

केबलची जाडी

थिंबल बदलल्यानंतरही प्लसच्या बाजूचे ०.२८ आणि मायनसच्या बाजूचे तेवढेच उरतात, आणि तेही कमी नाहीत. आमच्या ट्रेलरमध्ये बॅटरी पुढच्या दांड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आणि इन्व्हर्टर मागच्या पलंगाखाली होता. मधले अंतर चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर. केबल १० चौरस मिलिमीटरची होती. तांब्याचा अवरोध एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेला ०.०१७२ ओहम असतो, आणि ४० अंशांच्या उष्णतेत तो आठ टक्क्यांनी वाढतो. आठ मीटरला ०.०१७२ ने गुणून दहाने भागले आणि उष्णतेची वाढ धरली की ०.०१५ ओहमच्या जवळ येतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु ७० अँपिअरने गुणल्यावर तो एका व्होल्टच्या वर जातो. २३० व्होल्टच्या घरात एक व्होल्ट गेला तर कोणाला कळतही नाही. १२ व्होल्टच्या घरात पूर्ण भरलेल्या आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीमधले अंतरच मुळात जेमतेम एक व्होल्टचे असते. घराच्या वायरिंगचा अंदाज ट्रेलरला लावल्याने हा दोष जन्माला येतो, असे माझे मत झाले आहे.

मी जाडी वाढवण्याआधी अंतर कमी केले. इन्व्हर्टर पुढच्या बाकाखाली आणला, त्यामुळे केबल एकेरी एक मीटरवर आली, आणि ती ३५ चौरस मिलिमीटरची घेतली. नागपुरात इतवारीत केबल मीटरवर कापून मिळते आणि थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून देणारी दुकानेही आहेत. केबल आणि थिंबल दोन्ही घेऊन तिथेच दाबून घेणे चांगले, कारण पक्कडीने किंवा हातोडीने दाबलेले थिंबल कितीही घट्ट वाटले तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. थिंबल कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे असावे आणि त्याचे माप केबलच्या मापाशी तंतोतंत जुळावे. ३५ च्या केबलला ५० चे थिंबल लावून तंतूंचे तुकडे भरणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे करू देऊ नये.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १०० अँपिअरचा फ्यूज लावला. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: घरच्या फळीवरचा साधा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) या जागी चालत नाही. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी आपोआप विझते. डीसीची ठिणगी तशी विझत नाही आणि एमसीबीच्या आतच जळत राहू शकते. डीसीसाठी बनवलेला ब्रेकर किंवा फ्यूजच घ्यावा.

दोन-अडीच तासांच्या या कामानंतर बल्बच्या त्याच पाटीवर दोन्ही बाजूंची मिळून गळती ०.०५ व्होल्ट आली.

नवी बॅटरी चार रात्रीच का टिकली

सांधा दुरुस्त झाला, पण हिशेब अजून जुळत नव्हता. दोष फक्त थिंबलचा असता तर नवी बॅटरी पहिल्याच रात्री अडखळायला हवी होती. ती चार रात्री चालली याचा अर्थ ती दुकानातून पूर्ण भरून आली होती आणि रोज थोडी थोडी रिकामी होत गेली. म्हणजे रोजची आवक खर्चाला पुरत नव्हती.

खर्च मी एका आठवड्यात मोजला. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फ्रिज दिवसाला ०.८ युनिट घेतो. इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता जागा राहण्यासाठी १५ वॅट घेतो, आणि चोवीस तासांत तेच ०.३६ युनिट होतात. हा खर्च कोणाच्याही ध्यानात नसतो. बीएलडीसी (कमी वीज घेणारा) पंखा, दिवे, पाण्याची छोटी मोटर आणि मोबाईल मिळून ०.४५. एकूण १.६ युनिट, म्हणजे बॅटरीच्या भाषेत १३० एएच. छतावर ३३५ वॅटची दोन पॅनेल आहेत, म्हणजे ६७० वॅट. त्यांच्याकडून मे महिन्यात तीन युनिटांची अपेक्षा करायला हरकत नाही. प्रत्यक्षात येत होते १०० एएचच्या जवळपास, आणि त्यातलाही काही भाग बॅटरी भरताना उष्णतेत जातो.

कारण असे होते की पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा चार्ज कंट्रोलर पीडब्ल्यूएम प्रकारचा होता आणि पॅनेल ७२ सेलची होती. अशी पॅनेल ३७-३८ व्होल्टवर पूर्ण ताकद देतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्यांना थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलला १३ व्होल्टवर उतरून काम करावे लागते आणि प्रवाह मात्र तेवढाच राहतो. एका पॅनेलचे ८.९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट म्हणजे ११६ वॅट. ३३५ वॅटचे पैसे देऊन आपण ११६ वॅट वापरतो आणि उरलेले छतावर उष्णता होऊन जाते. मोठी पॅनेल वॅटमागे स्वस्त पडतात आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर स्वस्त असतो, म्हणून ही जोडी फार ठिकाणी दिसते. तपासणी सोपी आहे: दुपारी बाराला, बॅटरी अर्धी असताना, पॅनेलच्या वायरीवर व्होल्ट मोजावेत. ७२ सेलचे पॅनेल १३-१४ व्होल्ट दाखवत असेल तर निदान झाले.

पॅनेलला तिच्या पूर्ण ताकदीच्या व्होल्टवर चालवून जादा व्होल्टचे प्रवाहात रूपांतर करणारा एमपीपीटी कंट्रोलर बसवल्यावर दुपारी ६७० पैकी ५०० वॅटच्या आसपास मिळू लागले. बाकीचे कुठे गेले असा प्रश्न पडेल, तर ते उन्हाने नेले. पॅनेलवर छापलेले वॅट सेलचे तापमान २५ अंश धरून असतात. इथे छतावर सेल ७० अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद कमी होते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्यामुळे नवतपात पॅनेल फेब्रुवारीपेक्षा कमी देतात यात नवल नाही. पॅनेल पत्र्याला चिकटवू नयेत, खाली चार-पाच इंच मोकळी हवा खेळू द्यावी. त्या सावलीने खालची खोलीही थोडी निवते. दोन्ही पॅनेल मी समांतर जोडली. माझ्या कंट्रोलरची मर्यादा १०० व्होल्ट आहे, सिरीजमध्ये ही दोन पॅनेल ९२ व्होल्टपर्यंत जातात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी हा आकडा आणखी चार-पाच टक्क्यांनी वाढतो. इतक्या काठावर राहणे मला योग्य वाटले नाही.

कंट्रोलर मोठा बसवला म्हणजे सगळा प्रवाह बॅटरीत ओतावा असे मात्र नाही. १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीला सतत ३५-४० अँपिअर देणे तिच्या तब्येतीला बरे नाही, म्हणून मी कंट्रोलरमध्ये कमाल मर्यादा २५ अँपिअरवर ठेवली आहे. चार्जिंगचे व्होल्टही उष्णतेप्रमाणे कमी करावे लागतात. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असतील तर ४० अंशांच्या बॅटरीला १४.०५ च्या आसपास पुरतात. कंट्रोलरबरोबर तापमानाची तार आली असेल तर ती बॅटरीच्या अंगाला चिकटवावी. पिशवीत ठेवून देऊ नये. ती नसेल तर उन्हाळ्यापुरता आकडा हाताने बदलावा. तसे न केल्यास पाणी भराभर आटते आणि प्लेटा उघड्या पडतात. मे महिन्यात मी दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड पाणी पाहतो.

ग्रॅव्हिटीबद्दल, म्हणजे हायड्रोमीटरवर दिसणाऱ्या आम्लाच्या घनतेबद्दल, थोडक्यात. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी १२४० च्या आसपास यावी. सहाही सेल एकमेकांच्या जवळ असतील पण सगळेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, तिला दोन-तीन दिवस पूर्ण चार्ज द्यावा. पाच सेल ठीक आणि एकच ३० ते ५० अंकांनी मागे असेल, आणि पूर्ण चार्ज देऊनही तो वर येत नसेल, तरच बॅटरी खराब म्हणावी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

बॅटरीची पेटी

पुढच्या दांड्यावरची पत्र्याची पेटी मी काढून टाकली. दुपारच्या उन्हात तिच्या आत हात घालवत नसे. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते, त्यामुळे अशा पेटीत ठेवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकली तर दोष तिचा नाही. आता बॅटरी बाकाखाली लाकडी पेटीत आहे. या पेटीला खोलीकडून हवाबंद झाकण आहे, खाली बाहेरून हवा येण्याची जाळी आहे आणि अगदी वरच्या कोपऱ्यातून बाहेर जाणारी दीड इंची नळी आहे, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका असतो आणि वरच जमतो. झोपायच्या खोलीत उघडी शिशाची बॅटरी कधीही ठेवू नये. इन्व्हर्टरही त्या पेटीत ठेवू नये. तो शेजारच्या कप्प्यात असावा.

रात्रीचा भार

एवढे केल्यावर फ्रिजच्या बाबतीत एक सवय लावून घेतली. दुपारी बारा ते चार, वीज मुबलक असताना, थर्मोस्टॅट दोन अंकांनी वाढवतो, म्हणजे फ्रिज जास्त गार करतो, आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतो. सूर्य मावळला की थर्मोस्टॅट पुन्हा खाली आणतो. गार झालेल्या सात-आठ लिटर पाण्यामुळे रात्री कॉम्प्रेसर निम्म्या वेळाच उठतो. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात, थर्मामीटरच्या शेजारी असते. ते २ ते ८ अंशांत राहायला हवे आणि गोठताही कामा नये, म्हणून बर्फाच्या कप्प्याजवळ ते ठेवत नाही. फ्रिजच्या मागे चार इंच जागा सोडणेही तितकेच आवश्यक आहे, हे ट्रेलर बांधणारे जागा वाचवण्याच्या नादात विसरतात.

कूलरचा प्रश्न इथे राहणारा प्रत्येक जण विचारतो. खिडकीतला मोठा कूलर दीडशे ते दोनशे वॅट घेतो आणि अशा बॅटरीवर तो रात्रभर चालणार नाही. १२ व्होल्टवर थेट चालणारा लहान पंखा आणि छोटा पंप मिळून चाळीस वॅटमध्ये काम होते. त्याला वाळ्याचा ताटवा लावला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर कोरड्या मे महिन्यात खोली चांगली गार होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर हवेत दमटपणा आला की तो बंद करून नुसता पंखा वापरावा.

लिथियम बॅटरी असेल तर

माझ्या साडूंच्या ट्रेलरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे आणि तिच्यातही रात्रीचा हाच दोष थिंबलमुळे येऊ शकतो, मोजण्याची पद्धतही तीच. परंतु त्यांना एक वेगळी तक्रार भेडसावत होती: ऐन दुपारी, ऊन भरपूर असताना, चार्जिंग अचानक शून्यावर येई आणि संध्याकाळी पाचनंतर आपोआप सुरू होई. कंट्रोलर दोनदा दुकानात जाऊन निर्दोष ठरून परत आला. या बॅटरीच्या आत बीएमएस नावाचे संरक्षक सर्किट असते आणि अनेक तयार बॅटऱ्यांच्या माहितीपत्रकात चार्जिंगची मर्यादा ० ते ४५ अंश अशी छापलेली असते. त्यांची बॅटरी पश्चिमेच्या पत्र्याला लागून होती. मर्यादा ओलांडली की बीएमएस चार्जिंग तोडत होता, आणि ते त्याने योग्यच केले होते. बॅटरी पूर्वेच्या बाजूला, पत्र्यापासून एक वीत आत घेतली आणि मध्ये थर्माकोलचा दोन इंची तक्ता उभा केला, तेव्हा तक्रार थांबली. दुपारी चार्जिंग थांबलेले दिसले तर कंट्रोलर उघडण्याआधी बॅटरीच्या कप्प्याचे दार उघडावे, बाहेरून ओले पोते टाकून पत्र्यावर सावली करावी, अर्धा तास थांबावे आणि मग मोबाईलवरच्या ॲपमध्ये सेलचे तापमान पाहावे. ते ४५ च्या खाली उतरताच चार्जिंग सुरू झाले, तर जागा बदलण्याखेरीज दुसरे काही करायचे नाही.